हे ‘काही लोक’ कोण?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं. ‘काही लोकांच्या मते गृहपाठामुळे मुलांना अभ्यासाची सवय लागते, परंतु हे मत टिकण्याजोगे नाही.’ मार्गदर्शक मॅडमनी ‘काही लोकांच्या’भोवती पेन्सिलीने गोल काढून समासात तीन प्रश्न लिहिले होते. कोण? कुठे म्हणाले? कारण काय दिलं?

ते पान घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वाटत होतं, संदर्भ द्यायचा राहिलाय, एवढंच. एखादं नाव, एखादं साल कंसात घातलं की काम झालं. मॅडम म्हणाल्या, “अगं, नाव घालून काय होणार? या माणसाला तू भेटलेलीच नाहीस. तुला पाडता येईल असा एक उभा केलास आणि अर्ध्या ओळीत पाडलास.”

मला राग आला होता. दोन वर्षं मी तो विषय घेऊन बसले होते. वाचन झालं होतं, टिपणं काढून झाली होती आणि आपली बाजू बरोबर आहे याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. प्राथमिक वर्गातल्या मुलांना गृहपाठ देऊ नये, हा माझा दावा. लहान मुलांच्या संध्याकाळी मोकळ्या असाव्यात असं मला तेव्हा मनापासून वाटायचं, आजही वाटतं. शिवाय हाताशी पुरावा होता. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतल्या गृहपाठविषयक संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध सातवी ते बारावीच्या मुलांमध्ये जितका ठळक दिसतो, तितका त्याखालच्या वर्गांत दिसत नाही, असं त्यात आढळलं होतं. आणि त्याहून मोठा, माझ्या सगळ्या मांडणीचा कणा असलेला मुद्दा समतेचा होता. ज्या घरात शिकवायला कुणी आहे तिथल्या मुलाचा गृहपाठ पूर्ण होतो. जिथे कुणी नाही तिथल्या मुलाचा अर्धवट राहतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच मूल उभं राहतं. म्हणजे घराघरांतला फरक शाळा स्वतःच वहीत उतरवून घेते आणि वर त्याला शेरे देते. याला कुणाकडे काय उत्तर असणार, असं मला वाटत होतं.

मॅडमनी मला एक काम दिलं. “आठ दिवस गृहपाठाच्या बाजूने लिही. दहा पानं. आणि दहा पानांत एकही ‘पण’ नको.”

पहिली दोन पानं मी पटापट लिहिली आणि ती तशीच परत आली. मी लिहिलं होतं, ‘गृहपाठाच्या समर्थकांना असे वाटते की…’ मॅडमनी ‘वाटते’ खोडलं होतं. माझं जुनं प्रकरण समोर ठेवून त्या म्हणाल्या, “बघ, तुझ्या बाजूचे संशोधक ‘दाखवून देतात’, ‘सिद्ध करतात’, ‘लक्ष वेधतात’. यांना मात्र नुसतं ‘वाटतं’. वाचणाऱ्याला कौल आधीच सांगून टाकलास की.” तेव्हापासून कुणाचाही लेख तपासायला घेतला की मी आधी क्रियापदं बघते. समोरच्याच्या वाट्याला ‘वाटणे’, ‘समजणे’, ‘दावा करणे’, ‘हट्ट धरणे’ आणि आपल्या वाट्याला ‘स्पष्ट करणे’ असं वाटप दिसलं, की लिहिणाऱ्याने समोरच्याचं मूळ लेखन उघडलेलंच नाही असा मला दाट संशय येतो. बहुतेक वेळा तो खरा निघतो.

मग मी मूळ लेखन उघडलं. सहाव्या पानाच्या आसपास मला तो मुद्दा भेटला. शाळेने गृहपाठ बंद केला, तर शिकल्यासवरल्या घरातल्या मुलाचा घरचा अभ्यास काही थांबणार नाही. त्याच्या घरी पुस्तकं आहेत, प्रश्न विचारायला माणसं आहेत, शिकवणी लावायची ऐपत आहे. अभ्यास थांबेल तो दुसऱ्या मुलाचा, कारण त्याच्या घरी शाळेकडून येणारं ते एक पान सोडलं तर अभ्यासाचं दुसरं काहीच येत नाही. समतेचा माझा मुद्दा तोंड फिरवून माझ्याच समोर उभा होता. त्याच्या पाठोपाठ आणखी एक मुद्दा आला. जिला वाचता येत नाही अशा आईलाही वहीचं भरलेलं पान दिसतं, लाल शाईची खूण दिसते. मुलाच्या शाळेत काय चाललंय हे कळायची तिची ती एक खिडकी असते. ती बंद केली तर वर्षाच्या शेवटी निकाल कळेल, तोवर काही नाही.

त्यानंतर दोन दिवस मला काही लिहिता आलं नाही. हरल्यासारखं वाटत होतं असं नाही. जे लोक मला मुलांच्या मोकळ्या संध्याकाळींचे वैरी वाटत होते, ते माझ्याइतक्याच कळकळीने त्याच मुलाबद्दल बोलत होते, हे नीट समजून घ्यायला मला दोन दिवस लागले.

आपल्याकडे या कामाला किती जुना आणि नेमका शब्द आहे! पूर्वपक्ष. संस्कृतातल्या शास्त्रग्रंथांत आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं येतं. ते बहुधा ‘ननु’ या शब्दाने सुरू होतं. ‘अहो, पण…’ म्हणून कुणीतरी मध्येच उठावं, तसा तो शब्द आहे. मग आक्षेप येतो, त्याला आधार येतात, कधी आक्षेपाच्या पोटातून दुसरा आक्षेप निघतो. आणि हे सगळं झाल्यावर ‘इति चेत्, न’. असं म्हणत असाल, तर तसं नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात हे पानोपानी दिसतं. काही ठिकाणी पूर्वपक्ष इतका दमदार असतो की वाचताना आपण त्याच्याच बाजूला झुकतो, आणि भाष्यकार कुणाच्या तोंडून बोलतायत हे पाहायला पुन्हा मागे जावं लागतं. पूर्वपक्ष असा लिहायला जमला पाहिजे असं मला फार वाटतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या सूत्रग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी, वाटेल ते डावपेच वापरून होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडत बसायचं, ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण घरातल्या भांडणातही वापरतो, पण त्याच्या मुळाशी इतका काटेकोर भेद आहे हे मला प्रबंध लिहिताना कळलं. जल्पातल्या डावपेचांत छल येतो. त्याचं न्यायसूत्रांवरच्या भाष्यातलं प्रसिद्ध उदाहरण ‘नवकंबल’ मुलाचं आहे. कुणी म्हणतं, या मुलाकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवं. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! हा झाला वाक्छल, शब्दावरचा. मला जास्त टोचला तो सामान्यछल. कुणी एखादी गोष्ट ‘होऊ शकते’ अशा अर्थाने म्हणतो आणि आपण ती ‘नेहमीच, सगळीकडे होते’ अशी ताणून खोडतो. गृहपाठाने सवय लागते, असं म्हणणाऱ्यांपैकी मी वाचलेल्या कुणीही ‘कोणत्याही गृहपाठाने, कोणत्याही मुलाला’ असं म्हटलं नव्हतं. तेवढं मी माझ्या पदरचं घातलं होतं आणि जे पदरचं घातलं, तेच खोडलं होतं.

मराठी वाक्याची घडणही इथे आपल्याला नकळत एका बाजूला ओढते. आपण लिहितो, ‘जरी गृहपाठाचे काही फायदे असले, तरी…’ ‘जरी’ म्हटल्याबरोबर वाचणाऱ्याला कळतं की हे वाक्य इथे थांबायचं नाही, खरं ते ‘तरी’नंतर येणार. म्हणजे समोरच्याचं म्हणणं जन्मतःच दुय्यम वाक्यात पडतं. ‘पण’चंही तेच. ‘खरं आहे, पण’ यात ‘खरं आहे’ कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून मॅडमनी ‘पण’वर बंदी घातली होती. आक्षेपाला त्याचं स्वतःचं पूर्ण वाक्य द्यावं लागतं, पूर्णविरामासकट. शक्य तर पूर्ण परिच्छेद. आणि त्या परिच्छेदात एकदाही आपण डोकावायचं नाही. हे सांगायला सोपं वाटतं. करून बघितलं की कळतं, चौथ्या-पाचव्या वाक्याला हात आपोआप ‘मात्र’ लिहायला जातो.

आक्षेप कुठे घ्यायचा, यावर मी पुष्कळ घोळ घातला. प्रबंधांत एक रूढ पद्धत आहे. सगळं मांडून झालं की समारोपाच्या आधी आक्षेपांचं एक छोटं प्रकरण जोडायचं. मला ती पद्धत चुकीची वाटते. दुसऱ्या प्रकरणात वाचणाऱ्याच्या मनात शंका आली असेल, तर तो पुढची ऐंशी पानं ती शंका घेऊनच वाचणार, म्हणजे खरं तर वाचणारच नाही. शंका जिथे उगवते तिथेच तिला हाक मारली पाहिजे. आणि वाचणारे बहुतेक विरुद्ध मताचेच असतील, तर पहिल्या पानावरच.

उत्तराच्याही जाती आहेत. कधी समोरच्याची वस्तुस्थितीच चुकलेली असते. ते सगळ्यात सोपं, त्यावर फार बोलायला नको. कधी वस्तुस्थिती बरोबर असते पण तिच्यातून तो निष्कर्ष निघत नाही. नेमाने गृहपाठ करणाऱ्या मुलांना गुण जास्त मिळतात हे खरं असेल. पण गृहपाठामुळे गुण मिळतात, की ज्यांना अभ्यास जमतो तीच मुलं गृहपाठ पूर्ण करतात? हे लिहून मी समाधानाने हात झटकले आणि मग लक्षात आलं की हीच चाळणी मला माझ्या पुराव्यालाही लावावी लागणार. लहान वर्गांत संबंध कमी दिसतो यावरून गृहपाठ निरुपयोगी ठरत नाही. अडलेल्या मुलांनाच शिक्षक जास्त गृहपाठ देत असतील, तरी आकडे असेच दिसतील. समोरच्यावर उगारलेलं हत्यार आधी स्वतःच्या अंगावर घासून बघायचं, ही सवय मला तेव्हा लागली.

आणि कधी समोरच्याचा मुद्दा खरा असतो, निष्कर्षही बराचसा खरा असतो. तिथे आपला दावा आवळावा लागतो. ‘प्राथमिक वर्गात गृहपाठ नसावा’ हे वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी आलं, ‘ज्या गृहपाठाला घरातल्या मोठ्या माणसाची मदत लागते, तो प्राथमिक वर्गात नसावा.’ शीर्षक बदललं, दोन प्रकरणं नव्याने लिहावी लागली. वाचून दाखवायला एकट्याला जमेल असं एखादं पान घरी जायला माझी आता हरकत नव्हती. वहीची खिडकीही उघडी राहत होती. माझ्या बरोबरीच्या काहींना ही माघार वाटली. मला तसं वाटलं नाही. पहिलं वाक्य घेऊन मी कुणाही अनुभवी शिक्षकासमोर पाच मिनिटं उभी राहू शकले नसते.

मान्य करण्यात धोका असतोच. आपण प्रामाणिकपणे लिहिलेला आक्षेप उचलून कुणी आपल्याविरुद्धच वापरला तर? डार्विनच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. १८५९ सालच्या त्याच्या ग्रंथात सिद्धांतापुढच्या अडचणींवर एक अख्खं प्रकरण आहे. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला असेल, हे प्रथमदर्शनी कमालीचं विसंगत वाटतं, अशी कबुली त्यात आहे. लगेच पुढे, टप्प्याटप्प्याने ते कसं घडू शकतं याचं विवेचन आहे. त्याचे विरोधक आजतागायत फक्त पहिलं वाक्य उद्धृत करत आले आहेत. तरी त्याने ते प्रकरण काढलं नाही. उलट १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आक्षेपांना उत्तरं देणारं आणखी एक प्रकरण घातलं. आत्मचरित्रात त्याने आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तत्काळ टिपून ठेवायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात. मी हे वाचलं त्या दिवशी एक वेगळी वही केली. प्रबंध संपेपर्यंत ती माझ्या टिपणवहीपेक्षा जाड झाली होती.

लोकांचं मत वळवण्याच्या दृष्टीनेही या कष्टांचं चीज होतं. डॅनिएल ओ’कीफ यांनी १९९९ साली या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. विरुद्ध बाजू मांडून तिला उत्तर देणारं लेखन एकतर्फी लेखनापेक्षा जास्त पटतं, असं त्यात दिसलं. आणि विरुद्ध बाजू नुसती सांगून, उत्तर न देता पुढे जाणारं लेखन साधारणपणे एकतर्फी लेखनापेक्षाही कमी पटतं. म्हणजे ‘काही लोकांचे मत वेगळे आहे’ असं म्हणून पुढे सरकणं हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि नेमका तोच आपण सौजन्य म्हणून निवडतो.

जागा दिली म्हणजे धार बोथट झाली, असं ज्यांना वाटतं त्यांना मी डॉ. आंबेडकरांचं उदाहरण देते. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली प्रसिद्ध झालं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण होतं. मजकुरावरून मतभेद झाले, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं, तर गांधीजींचे ते लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि त्यांच्या पाठोपाठ आपलं उत्तर. वाचणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. उत्तरात तसूभरही मवाळपणा नाही. समोरच्याचे शब्द पूर्ण छापलेले असल्यामुळेच त्या उत्तरातला घाव इतका स्वच्छ बसतो. गांधीजी असं म्हणालेच नव्हते, ही पळवाट कुणाला उरत नाही.

याच्या उलट मला वेद आणि परलोक न मानणारे चार्वाक आठवतात. त्यांचे मूळ ग्रंथ बहुतांशी हरवले. आज आपण त्यांच्याबद्दल जे बोलतो, ते मुख्यतः त्यांना खोडून काढणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांवरून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाची सुरुवातच चार्वाकांपासून होते. त्या नोंदी किती न्याय्य आहेत हे विचारायला आता त्या बाजूचं कुणी नाही. रात्री टेबलाशी बसून कुणाचं तरी म्हणणं तीन ओळींत आटोपताना मला हे आठवतं आणि हात थबकतो. वाचणारा मूळ लेखनापर्यंत जाईलच असं नाही. त्याच्यासाठी ते मत म्हणजे मी लिहिलेल्या तीन ओळी.

म्हणून प्रत्येक मताला सारखी जागा द्यावी, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्या मागे पुरावा नाही त्याला पुराव्याच्या शेजारी बसवलं, तर वाचणाऱ्याची दिशाभूलच होते. मी स्वतःला एकच गोष्ट विचारते. हा आक्षेप खरा असेल, तर माझा दावा पडतो का? पडत असेल तर त्याला पूर्ण जागा. नसेल तर एक वाक्य, कधी तेही नाही. सोपे आक्षेप गोळा करून पानं भरणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पाच लुटुपुटीच्या आक्षेपांना लोळवण्यापेक्षा जो झोप उडवतो तो एक घ्यावा.

माझी झोप उडवणारा आक्षेप शेवटी माझ्या नव्या दाव्यालाच लागू झाला. मदत लागणारा गृहपाठ नसावा म्हणता, पण मदत लागेल की नाही हे गृहपाठाकडे बघून कसं ठरणार? तेच गणित एकाला चुटकीसरशी येतं, दुसरं मूल तासभर रडतं. म्हणजे प्रत्येक मुलाला वेगळा गृहपाठ हवा, आणि भरलेल्या वर्गात ते एका शिक्षकाकडून होणार कसं? मी महिनाभर या आक्षेपाशी झगडले. दोन उत्तरं लिहिली, दोन्ही फाडली. अखेर आक्षेप पूर्ण मांडला आणि खाली लिहिलं, ‘या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत प्रबंधाला सापडलेले नाही.’

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. त्यांनी तिथे खूण घालून आणली होती.

“हे तुम्ही आपणहून लिहिलंत,” ते म्हणाले. “मला कदाचित सुचलंही नसतं.”

मी म्हटलं, “सर, वर्गावर शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ते पहिल्यांदा सुचेल.”

त्यांनी क्षणभर पानाकडे बघितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि त्या आक्षेपाला आपल्याला काय उत्तर सुचतंय ते सांगायला लागले.